त्सुकिजी ते कारातो : जपानच्या मासळीबाजारांतून

गुरुवार : त्सुकिजी

टोकियोच्या मासळीबाजाराचा विषय निघाला की आजही बहुतेकांच्या तोंडी त्सुकिजीचेच नाव येते. वास्तविक तिथला घाऊक बाजार ६ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद झाला आणि ११ ऑक्टोबरला तो दोन-अडीच किलोमीटरवरच्या तोयोसु येथे नव्या इमारतींत सुरू झाला. त्सुकिजीला उरला आहे तो बाहेरचा बाजार, म्हणजे घाऊक बाजाराच्या आधाराने वाढलेल्या अरुंद गल्ल्या आणि त्यांतली शेकडो छोटी दुकाने. नोव्हेंबरातल्या या प्रवासात सुरुवात मी मुद्दाम इथूनच केली, कारण कच्ची मासळी चाखण्याआधी तिच्या आजूबाजूचा संसार पाहून घ्यावा असे मनात होते.

माझी थोरली बहीण आणि भावोजी टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतात. भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असलेला हा भाग असल्यामुळे तिथे तूरडाळ आणि कढीपत्ता सहज मिळतो. ताई मात्र इतक्या वर्षांत जपानी मासळीचीही चांगली जाणकार झाली आहे. सकाळी सातच्या आधी निघायचे, असे तिने आदल्या रात्रीच बजावले होते आणि त्याचा उलगडा तिथे पोहोचल्यावर झाला. ही दुकाने मुळात हॉटेलवाल्यांसाठी आणि आचाऱ्यांसाठी आहेत. ती पहाटे उघडतात, दुपारी दोनपर्यंत आवरतात, आणि नऊनंतर पर्यटकांची इतकी दाटी होते की गल्लीतून पुढे सरकणेही कठीण होते.

पहिल्या गल्लीत शिरताच कात्सुओबुशीचा वास आला. मासा उकडून, धुरावर धरून, महिनोन् महिने वाळवून लाकडासारखा टणक करायचा आणि मग रंध्यावर त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या काढायच्या, हा तो पदार्थ. शेजारच्या दुकानात बोटभर लांबीच्या वाळवलेल्या निबोशीचे ढीग होते आणि त्यापलीकडे कोम्बु या समुद्री शेवाळाच्या काळपट पट्ट्या. रत्नागिरीत सुकटी-बोंबलांच्या बाजारात लहानाचा मोठा झालेल्या माणसाला इथे परके वाटण्याचे काही कारणच नाही. फरक आहे तो वापरात. आपण सुकी मासळी मसाल्यात परततो, कालवणात घालतो, तर इथे तिचा अर्क पाण्यात उतरवून चोथा बाजूला काढतात, आणि त्या स्वच्छ पाण्यावर जपानचा जवळजवळ सगळा स्वयंपाक उभा राहतो.

सर्वांत जास्त वेळ मी रेंगाळलो तो तामागोयाकीच्या दुकानासमोर. तांब्याच्या चौकोनी तव्यांची रांग लावून एक मनुष्य एकाच वेळी चार-पाच तवे सांभाळत होता. अंडी, कात्सुओबुशीचे पाणी आणि साखर यांचे मिश्रण तो पळीने ओतायचा, वरचा भाग ओला असतानाच लांब काड्यांनी त्याची घडी घालायचा, घडी तव्याच्या कडेला सरकवून मोकळ्या जागेत पुन्हा मिश्रण ओतायचा आणि नवा थर जुन्या घडीखाली सरकू द्यायचा. वीट तयार झाली की लाकडी फळीने हलकेच दाबून तिच्या कडा सरळ करायचा. पूर्वी सुशीच्या दुकानाची पारख या अंड्याच्या वडीवरून करीत. ती गोडसर, ओलसर वडी खाताना त्यात मासळीच्या पाण्याची चव स्पष्ट कळत होती.

या बाजारात हल्ली काडीला लावलेले गोमांस आणि पर्यटकांसाठी सजवलेले महागडे तबक बरेच दिसते. त्यावर वेळ घालवू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. इथले खरे वैभव म्हणजे सुऱ्या, नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचे वाळवलेले पातळ कागद, वाळवण आणि वासाबी या झणझणीत वनस्पतीची ताजी मुळे विकणारी जुनी दुकाने. खरेदी करून चालता चालता खाणे इथे प्रशस्त मानत नाहीत. ज्या दुकानात घेतले त्याच्याच समोर उभे राहून खायचे आणि कचरा तिथेच द्यायचा.

बाजाराच्या कडेला नामियोके इनारी हे छोटे देवस्थान आहे. लाटांपासून रक्षण करणारा हा देव, आणि समुद्रात भराव घालून तयार केलेल्या या जमिनीवर त्याची गरज होतीच. पण मला हलवून गेले ते त्याच्या आवारातले दगडी स्तंभ. एक कोळंबीच्या स्मरणार्थ, एक अंड्यांच्या, एक जिवंत मासळीच्या आणि एक खुद्द सुशीच्या. ज्यांच्यावर आपला चरितार्थ चालतो त्या जिवांचे ऋण मानण्यासाठी बाजारातल्या व्यापारी संघटनांनी ते उभारले आहेत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करणारे आमचे कोळी बांधव या आवारात क्षणभर थांबून नक्की हात जोडतील.

तिथून चालत पाच मिनिटांवर त्सुकिजी होंगान्-जी हे बौद्ध मंदिर लागते आणि मराठी माणूस त्याच्यासमोर थबकतोच, कारण दर्शनी भागावरची प्रचंड नालाकृती कमान थेट कार्ल्याच्या किंवा अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याच्या चैत्यगवाक्षाची आठवण देते. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. वास्तुशास्त्रज्ञ इतो चूता यांनी भारतासह आशियाभर हिंडून प्राचीन बौद्ध वास्तुकलेचा अभ्यास केला होता आणि १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत त्यांनी तो उतरवला. मासळीबाजाराशीही या मंदिराचे नाते आहे. १६५७ च्या भीषण आगीत मूळ मंदिर जळाल्यावर त्याला खाडीत भराव घालून जागा मिळाली आणि तो भराव घालण्यात पुढाकार होता त्सुकुदाच्या कोळ्यांचा. हे कोळी मूळचे ओसाकाकडचे. पुढे शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, झालेल्या तोकुगावा इएयासूच्या मागोमाग ते एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला आले, किल्ल्याला मासळी पुरवू लागले आणि उरलेली मासळी निहोनबाशीच्या पुलाजवळ विकू लागले. त्या विक्रीतूनच टोकियोचा मासळीबाजार जन्माला आला.

शुक्रवार : तोयोसु

तोयोसुला ट्यूनाचा लिलाव पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतो. वरच्या मजल्यावरच्या काचेआडून तो कुणालाही पाहता येतो, पण लिलावाच्या पातळीवर असलेल्या सज्जासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि सोडतीत नाव निघावे लागते. भावोजींनी महिनाभर आधी अर्ज केला होता आणि आमचे नाव निघाले होते. त्या वेळी गाड्या सुरू झालेल्या नसतात, म्हणून आम्ही टॅक्सीने निघालो. रस्ते रिकामे होते, मात्र बाजाराच्या फाटकाशी मालवाहू गाड्यांची रांग लागलेली होती.

नवा बाजार सुमारे ४० हेक्टरांवर पसरला आहे, म्हणजे त्सुकिजीच्या जवळजवळ पावणेदोन पट. ही जागा पूर्वी गॅसनिर्मितीच्या कारखान्याची. तिथली माती आणि भूजल दूषित असल्याचा प्रश्न गाजला, त्यामुळे नोव्हेंबर २०१६ मध्ये ठरलेले स्थलांतर टोकियोच्या राज्यपाल कोइके युरिको यांनी पुढे ढकलले आणि शुद्धीकरणाची जादा कामे झाल्यावर बाजार दोन वर्षांनी हलला. त्सुकिजीच्या उघड्या छपरांची, ओल्या फरशीची आणि गोंगाटाची आठवण काढून हळहळणारे लोक आजही भेटतात. त्यांच्या भावना मी समजू शकतो. तरीही बंदिस्त, थंड ठेवलेल्या दालनांत मासळीला ऊन लागत नाही, वारा लागत नाही आणि मालाची साखळी कुठे तुटत नाही, ही गोष्ट मासळी खाणाऱ्याने आधी पाहावी असे मला वाटते.

सज्जाच्या काचेचा वरचा भाग मोकळा आहे, त्यामुळे थंडी, वास आणि आवाज तिन्ही आपल्यापर्यंत पोहोचतात. खाली हिरव्या रंगाच्या जमिनीवर ब्लूफिन ट्यूना ओळीने मांडलेले होते. ट्यूनाला आपल्याकडे कुपा म्हणतात, पण आपल्या बंदरात येणारे कुपे आणि माणसाहून वजनदार असलेले हे धूड यांत फार अंतर आहे. लाल मांसाची छटा नीट उठून दिसावी म्हणून जमिनीचा रंग हिरवा ठेवला आहे, अशी माहिती मिळाली. प्रत्येक माशाची शेपटी कापलेली, कल्ले आणि आतडी काढलेली, आणि अंगावर वजनाचा आकडा लाल रंगाने लिहिलेला.

मी डोळे लावून बसलो होतो ते खरेदीदारांच्या हातांकडे. टोपीवर परवान्याचा क्रमांक, पायांत रबरी बूट, एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात लहान आकडी. शेपटीजवळच्या कापावर ते विजेरीचा झोत टाकत, आकडीने मांसाचा कणभर तुकडा उचलत, अंगठा आणि तर्जनीत तो चोळून बोटांवर चरबी किती पसरते ते पाहत आणि काही न बोलता पुढच्या माशाकडे वळत. मिरकरवाड्याच्या बंदरात कल्ला उचलून लाली पाहणारी, डोळा स्वच्छ आहे का ते पाहणारी आणि पोटावर बोट दाबून खळगा भरून येतो का ते तपासणारी माझी आई मला आठवली. तिचे परीक्षण काही क्षणांत संपे. इथे एका माशासाठी माणूस मिनिटभर वाकून बसतो, कारण एका चुकीची किंमत लाखो येन असते.

मग हातातली घंटा घणघणली आणि लिलाव सुरू झाला. लिलाव पुकारणारा एका ठोकळ्यावर उभा राहून तालात किंमत गात होता, त्याचे अंग त्या तालावर हलत होते, आणि समोरचे खरेदीदार बोटांच्या खुणांनी किलोचा भाव सांगत होते. एका माशाचा सौदा काही सेकंदांत उरकत होता. जानेवारी २०१९ मध्ये, नव्या जागेतील पहिल्या नववर्ष-लिलावात, ओमा बंदरातला २७८ किलोंचा मासा ३३ कोटी ३६ लाख येनांना विकला गेला होता. वर्षारंभीच्या त्या बोलीत मान आणि प्रसिद्धी यांचा वाटा मोठा असतो. एरवीचे भाव तिच्या जवळपासही जात नाहीत. ओमा हे मुख्य बेटाच्या उत्तर टोकाचे गाव. तिथल्या त्सुगारु सामुद्रधुनीत शरद आणि हिवाळ्यात धरलेल्या ट्यूनाला टोकियोत सर्वाधिक मान आहे.

या लिलावाकडे नुसत्या कौतुकाने पाहणे बरोबर नाही. प्रशांत महासागरातील ब्लूफिनची संख्या २०१० च्या सुमारास अगदी तळाला गेली होती, आणि लहान मासे धरण्यावर आंतरराष्ट्रीय मर्यादा घातल्या गेल्यावर ती सावरत गेली. पुनरुज्जीवनाचे ठरवलेले लक्ष्य मुदतीच्या बरेच आधी गाठले गेल्याचे २०२४ च्या शास्त्रीय मूल्यमापनातून समोर आले. मर्यादा खरोखर पाळल्या तर समुद्र परत देतो, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नसेल. कोकणात पावसाळी बंदीचे जून-जुलै सरले की एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून दरवर्षी संघर्ष पेटतो. त्या चर्चेत प्रशांत महासागरातील ही हकीकत अवश्य मांडली गेली पाहिजे.

लिलाव संपल्यावर आम्ही मासळीच्या दुसऱ्या इमारतीकडे गेलो. तिथे मधले व्यापारी बसतात. त्यांच्या गाळ्यांत बाहेरच्यांना प्रवेश नाही, पण त्याच इमारतीत वर भोजनालये आहेत आणि गच्चीवर हिरवळ असून तिथून रेनबो ब्रिज दिसतो. त्सुकिजीतून आलेल्या एका सुशीच्या दुकानासमोर आम्ही दीड तास रांगेत उभे राहिलो. आत जेमतेम बारा माणसे बसतील एवढा लाकडी कट्टा, आणि त्यामागे पांढऱ्या पोशाखातले दोन कारागीर. आम्ही निवड त्यांच्यावर सोपवली. माणशी पाच हजार येनांच्या घरात हा खर्च जातो आणि तो करावा असे मी निःसंकोचपणे सांगेन.

पहिल्यांदा माझे लक्ष भाताकडे गेले. तो गार नव्हता, हाताला जाणवेल इतका कोमट होता आणि त्याला फिकट तपकिरी झाक होती. ही झाक लाल शिर्क्याची, म्हणजे व्हिनेगरची. साके या तांदळाच्या मद्याचा चोथा वर्षानुवर्षे मुरवून हा शिर्का करण्याचे तंत्र १८०४ च्या सुमारास हांदा येथील नाकानो माताझाएमोन याने सुरू केले, आणि तो जहाजांनी एदोला येऊ लागल्यावर रस्त्यावरच्या सुशीला मोठा आधार मिळाला. मुठीत दाबून घडवलेल्या या सुशीचे श्रेय १८२० च्या दशकातील हानाया योहेई याला दिले जाते. त्या काळी हे गाड्यावर उभ्याने खायचे अन्न होते.

कारागीर हात शिर्क्याच्या पाण्यात बुडवून टाळी वाजवी, उजव्या हाताने भाताचा गोळा उचली, डाव्या हातातल्या मासळीच्या कापाला तर्जनीने वासाबी लावी आणि चार-पाच हालचालींत दोन्हींचा जीव एक करी. भात बाहेरून आकार धरून होता, पण जिभेवर पडताच सुटा होत होता. सुशी हाताने खाल्ली तरी चालते. सोया सॉस लावायचा तो मासळीच्या बाजूला, कारण भात बुडवला तर तो फुटतो आणि चवही बुडते. पुढ्यात आलेली सुशी लगेच खायची असते, गप्पांत तिला ताटकळत ठेवायचे नसते. आल्याचे काप मधे तोंड साफ करण्यासाठी.

एक-एक करून आलेल्या सुशींत मला सर्वांत भावली ती कोहादा. तारली-पेडव्यांच्या कुळातला हा छोटा, चंदेरी, ठिपकेदार आणि स्वस्त मासा. तो मधोमध चिरून उघडतात, मीठ लावून ठेवतात, मग शिर्क्यात मुरवतात. मीठ किती वेळ ठेवायचे हे माशाच्या आकारावर, त्याच्या चरबीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर अवलंबून असते, आणि म्हणूनच कारागिराची कसोटी या माशावर लागते. त्यापाठोपाठ सोयात मुरवलेला ट्यूनाचा लाल भाग आला, शिजवून वरून दाट रस लावलेली वाम आली, आणि कोम्बुच्या पानांत गुंडाळून ठेवलेला ताई हा मासाही आला.

ट्यूनाचा तो लाल घास खाल्ल्यावर मी भावोजींना म्हटले, “हा आज पहाटे घेतलेला असेल का, जरा विचारा ना.” त्यांनी विचारले. कारागीर हसून म्हणाला की हा मागच्या आठवड्यातला आहे, कागदात गुंडाळून बर्फात ठेवला होता आणि मोठ्या माशाला घाई चालत नाही. आपल्या किनाऱ्यावर ताजी मासळी म्हणजे आत्ताच पाण्यातून काढलेली, असे समीकरण पक्के बसलेले असते. या कट्ट्यावर ते माझ्यापुरते मोडले. एदोच्या काळात बर्फ नव्हता, म्हणून मीठ, शिर्का, सोया आणि शिजवणे यांनी मासळी टिकवली जात असे. शीतगृहे आली तरी ती तंत्रे टिकली, कारण त्यांनी चव वाढते. याउलट ट्यूनाचा चरबीयुक्त पोटाचा भाग, ज्यावर आज उड्या पडतात, तो त्या काळी लवकर खराब होई, म्हणून त्याला कुणी विचारत नसे.

कच्च्या मासळीची भीती वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. अनिसाकिस नावाचा कृमी काही समुद्री माशांत असतो आणि त्याने पोटात तीव्र वेदना होऊ शकतात. शिर्क्याने किंवा वासाबीने तो मरत नाही. उणे २० अंशांवर २४ तास गोठवल्यास मात्र मरतो. म्हणून कोणता मासा गोठवायचा, कोणता बारकाईने पाहून चिरायचा, कुठला भाग टाकून द्यायचा, हे ज्ञान असलेल्याच्याच हातची साशिमी, म्हणजे कच्च्या मासळीचे काप, खावी. घरच्या बाजारातली सुरमई आणून तिचे काप तसेच खाण्याचा मोह कृपया कुणीही करू नये. आपली मासळी शिजवून खाण्यासाठी हाताळलेली असते.

शनिवार : निहोनबाशी आणि पश्चिमेकडे

सकाळी तासभर निहोनबाशीला गेलो. १९११ चा दगडी पूल देखणा आहे, मात्र त्याच्या डोक्यावरून १९६० च्या दशकातला उड्डाणमार्ग जातो. पुलाच्या टोकाशी समुद्रकन्येचा पुतळा असलेले जुन्या मासळीबाजाराचे स्मारक आहे. जवळजवळ तीनशे वर्षे चाललेला हा बाजार १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत नष्ट झाला. मासळीवाले त्सुकिजीला गेले आणि १९३५ मध्ये तिथला मध्यवर्ती बाजार रीतसर उघडला. आज या पुलाजवळ मासळीचा मागमूसही नाही. कात्सुओबुशी आणि नोरीची काही जुनी दुकाने तेवढी शिल्लक आहेत.

ताई-भावोजींचा निरोप घेऊन शिंकान्सेन ही वेगवान गाडी पकडली. टोकियो ते कोकुरा हा प्रवास पावणेपाच तासांच्या आसपासचा. कोकुराहून छोट्या गाडीने मोजीको गाठले. १९१४ चे लाकडी रेल्वेस्थानक असलेले हे टुमदार बंदर क्यूशू बेटाच्या उत्तर टोकाला आहे आणि सामुद्रधुनीपलीकडे शिमोनोसेकी शहराचे दिवे दिसतात.

रविवार : कारातो

मोजीकोहून शिमोनोसेकीतल्या कारातोला जाणारी बोट पाच मिनिटांत सामुद्रधुनी ओलांडते. ११८५ मध्ये याच पाण्यात दान-नो-उराची लढाई झाली आणि तैरा या बलाढ्य सरदार घराण्याचा शेवट झाला. पाणी अजूनही तितकेच ओढाळ आहे. भरती-ओहोटीला प्रवाह इतका वेगाने धावतो की मोठी जहाजे त्याच्याशी झुंजत जाताना दिसतात. अशा पाण्यातला मासा भक्कम मांसाचा असतो, असे इथले लोक अभिमानाने सांगतात.

कारातोचा बाजार तोयोसुच्या अगदी उलट आहे. तिथे काचेआडून पाहायचे, इथे गाळ्यांमधून हिंडायचे. शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशी घाऊक व्यवहार आटोपल्यावर हेच मासळीवाले फळ्यांवर सुशी मांडतात, आपण प्लास्टिकचे तबक आणि चिमटा घेऊन हवी ती एक-एक उचलतो, आणि बाहेर धक्क्यावर समुद्राकडे तोंड करून बसतो. स्वस्तातली सुशी शंभर-दीडशे येनांची, ट्यूनाच्या पोटाची पाचशेच्या पुढची. रविवारी सकाळी आठला विक्री सुरू होते आणि दहापर्यंत निवडक माल उचलला गेलेला असतो.

सुशी घेण्याआधी मी जिवंत मासळीच्या टाक्यांजवळ उभा होतो. एका गिऱ्हाइकाने ताई मासा निवडला. विक्रेत्याने तो जाळीने उचलून ओल्या फळीवर ठेवला, एका तळव्याने त्याचा डोळा झाकला, आणि दुसऱ्या हाताने डोळ्याच्या किंचित मागे टोकदार सळी खुपसली. मासा एकदाच थरथरला, त्याचे तोंड उघडले आणि तो शांत झाला. मग कल्ल्याजवळ आणि शेपटीजवळ काप देऊन त्याने रक्त बर्फाच्या पाण्यात वाहू दिले, आणि शेपटीकडच्या कापातून एक लांब पातळ तार पाठीच्या कण्यावरच्या मज्जारज्जूत सरकवली. तार पुढे जात असताना निर्जीव माशाच्या अंगावरून लहर धावत गेली. सगळे मिळून मिनिटभरही लागले नसेल.

हेच इकेजिमे. तडफडून मरणारा मासा आपल्या स्नायूंतली ऊर्जा संपवून टाकतो, त्यामुळे तो लवकर ताठरतो आणि लवकर बिघडतो. क्षणात मारलेल्या माशात ती ऊर्जा शिल्लक राहते, ताठरणे कित्येक तास लांबते, आणि तिच्या विघटनातून पुढे इनोसिनिक आम्ल तयार होते. मासळीच्या मांसाला जी भरीव चव येते ती बरीचशी त्यामुळेच. म्हणून पांढऱ्या मांसाचा मासा मारल्या मारल्या करकरीत लागतो, पण चवीला फिका असतो, आणि दुसऱ्या दिवशी मऊ होऊन बोलू लागतो. यापैकी काय आवडावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्या बंदरांतही सुरमई, हलवा यांसारख्या मोलाच्या माशांना अशी वागणूक आणि भरपूर बर्फ मिळाला, तर कोळी कुटुंबांच्या पदरात दोन पैसे अधिक पडतील, असे मला तिथे उभे असताना तीव्रतेने वाटले.

शिमोनोसेकीची खरी ओळख म्हणजे फुगू हा अंग फुगवणारा विषारी मासा. त्याच्या यकृतात आणि अंडाशयात प्राणघातक विष असते. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने सोळाव्या शतकाच्या शेवटी तो खाण्यावर बंदी घातली होती. पंतप्रधानपद भूषवलेले इतो हिरोबुमी यांनी याच गावातल्या शुनपानरो या भोजनगृहात त्याची चव घेतली आणि १८८८ मध्ये या प्रांतापुरती बंदी उठवली गेली. आज परवानाधारक कारागीरच फुगू साफ करू शकतात. पाळलेला फुगू मोठ्या प्रमाणावर नागासाकीकडे होतो, तरी तो शिमोनोसेकीला येतो, कारण विषारी अवयव काढणारे हात इथे आहेत. त्याचा लिलाव कारातोत होत नाही, हाएदोमारी येथील बाजारात भल्या पहाटे होतो आणि त्याची रीत निराळी आहे. लिलाव पुकारणारा एका हातावर काळी पिशवी चढवतो, खरेदीदार एकामागून एक तिच्यात हात घालून त्याची बोटे धरतात आणि कुणाचा भाव काय हे शेजाऱ्याला कळत नाही. आपल्याकडे गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून चालणारी हत्ता पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

बाजारात फुगूची साशिमी शेवंतीच्या फुलासारखी मांडलेली मिळते. काप इतके पातळ की खालच्या तबकाची नक्षी दिसावी. ही पातळाई शोभेसाठी नाही, फुगूचे मांस चिवट असल्यामुळे जाड काप चावता येत नाही. साफ केलेला फुगूसुद्धा कापडात गुंडाळून एखादा दिवस ठेवतात आणि मगच चिरतात. लिंबूवर्गीय रस घातलेला सोया आणि तिखट मुळ्याचा कीस यांच्याबरोबर मी तो खाल्ला. त्याची चव फार हळू येते. प्रथम दाताला त्याचा ताण जाणवतो, मग चावता चावता शेवटी कुठेतरी गोडवा उतरतो. त्याचा लौकिक मी समजू शकलो, पण त्यावर जीव जडला असे म्हणणार नाही.

जीव जडला तो बुरीवर. थंडी पडू लागली की या माशाच्या अंगावर चरबी चढते, आणि त्याच्या पाठीचा गुलाबी काप व पोटाचा पांढरट काप शेजारी ठेवले तर एकाच माशाचे दोन स्वभाव दिसतात. पाठ आंबटसर आणि घट्ट, पोट लोण्याला मागे सारणारे. दोन्हींची प्रत्येकी एक घेऊन मी धक्क्यावर बसलो, ती संपवून पुन्हा आत गेलो, आणि त्याच मासळीवाल्या बाईंकडून आणखी घेतल्या. या वेळी त्यांनी न सांगता पोटाकडचा जाडसर काप निवडून दिला.